गवती चहाचं तेल आणि दोन उलटे अहवाल

एकाच गटाचं गवती चहाचं तेल, एकाच प्रयोगशाळेत तपासलेलं, एकाच प्रकारच्या पेशींवर. पहिल्या अहवालात म्हटलं होतं की तेलामुळे पेशींतली अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स वाढतात. त्या कागदाच्या भरवशावर खरेदीदारानं लेबलाचा मजकूरही ठरवून टाकला: ‘पेशींची अँटिऑक्सिडंट शक्ती वाढवते’. काही महिन्यांनी पुढच्या बॅचचा अहवाल आला आणि त्यात तीच एन्झाइम्स खाली गेलेली. खरेदीदारानं माल अडवून धरला.

तेल होतं नागपूर जिल्ह्यातल्या, कळमेश्वरकडच्या एका शेतकरी गटाचं. संत्र्याची जुनी झाडं वाळली, ती काढल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीत त्यांनी गवती चहा लावला आणि शेतातच वाफेवर तेल काढायची छोटी भट्टी उभी केली. गटाचे प्रमुख दोन्ही अहवाल घेऊन शहरात आमच्या जीवरसायनशास्त्र विभागात आले. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: “मॅडम, मागच्या खेपेचं तेल चांगलं म्हणे, आता तोच कागद खराब म्हणून राहिला. गवत तेच, भट्टी तेच, माणसं तेच. मंग तेल काऊन बिघडलं?”

तेल बिघडलं होतं खरं. फक्त ज्या बॅचवर त्यांचा संशय होता ती नव्हे.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की सुगंधी वनस्पतींचं तेल आणि अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स हा आपल्याकडच्या प्रबंधांचा आवडता विषय आहे. तुळस, ओवा, मरवा, पुदिना, दवणा, काहीही घ्या. तेल काढा, पेशींवर टाका, तीन एन्झाइम्स मोजा, आलेख काढा. इथं जे घडलं ते त्यातल्या बऱ्याच आलेखांच्या पोटात दडलेलं असू शकतं.

अहवालात काय होतं आणि काय नव्हतं

पेशी हेपजी-टू नावाच्या, म्हणजे माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून काढून वाढवलेल्या. भारतात बहुतेकांना त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. त्यांच्यावर तीन वेगवेगळ्या मात्रांत तेल टाकलं, २४ तास ठेवलं, मग पेशी फोडून सुपरऑक्साइड डिसम्युटेज (एसओडी), कॅटालेज आणि ग्लुटाथायोन परॉक्सिडेज अशी तीन एन्झाइम्स मोजली. पेशी जिवंत आहेत ना, हे पाहायला एमटीटी चाचणी. पहिल्या बॅचला एसओडी आणि परॉक्सिडेज वर, कॅटालेज किंचित खाली. दुसऱ्या बॅचला तिन्ही खाली. रंगीत स्तंभ, त्यांवर ‘फरक योगायोगाचा नाही’ असं सांगणारे तारे, शेवटी सही-शिक्का.

तेलात काय काय आहे, हे कुठंच नव्हतं. गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, आलेख नाही, तेल कधी काढलं ती तारीख नाही, पेशी वाढवायच्या प्लेटमध्ये कुठल्या खळग्यात काय टाकलं त्याचा नकाशा नाही. एन्झाइमची क्रिया ‘प्रति मिलिलिटर’ दिलेली. हे शेवटचं वाक्य वाचूनच पुढं काय निघणार याचा अंदाज आला. प्रयोगशाळेकडं कच्चे आकडे मागितले. त्यांनी खळखळ न करता एक्सेलची फाइल आणि प्लेटचा नकाशा दोन्ही पाठवले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

तीन एन्झाइम्स आणि त्यांचं आपापसांतलं देणंघेणं

पेशीत श्वसन चालू असताना थोडा ऑक्सिजन अर्धवट वापरला जातो आणि सुपरऑक्साइड हा उपद्रवी रेणू तयार होतो. त्याची विल्हेवाट लावणारं एन्झाइम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, तेच एसओडी. पेशीद्रवात त्याचा तांबं-जस्ताचा प्रकार, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, मँगनीजचा. पण एसओडी सुपरऑक्साइडचं पाणी करत नाही, हायड्रोजन परॉक्साइड करतं. तो पुढं कॅटालेज किंवा ग्लुटाथायोन परॉक्सिडेजनं संपवायचा. या परॉक्सिडेजच्या गाभ्यात सेलेनियम असतं, हे १९७३ मध्ये कळलं. ते काम करताना ग्लुटाथायोन हा पेशीचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट रेणू खर्च करतं आणि खर्च झालेलं ग्लुटाथायोन परत भरून काढायला एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो.

म्हणजे ही साखळी आहे, आणि साखळीतली एकच कडी वाढली तर ती बातमी चांगलीच असते असं नाही. एसओडी वाढलं आणि कॅटालेज तिथंच राहिलं किंवा घसरलं, तर मधल्या टप्प्यावर परॉक्साइड साचू शकतो. एसओडीच्या तांबं-जस्त प्रकाराचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, त्यामुळे एसओडीही जास्त असतं, आणि तरीही त्या पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण कमी दिसत नाही. पहिल्या अहवालात एसओडी वर आणि कॅटालेज खाली होतं. लेबल लिहिणाऱ्यानं वरचा बाण उचलला आणि खालचा सोडून दिला.

सिट्राल

गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा. सिट्राल म्हणजे जिरॅनिअल आणि नेरल या जुळ्या आल्डिहाइडांचं मिश्रण. चांगल्या तेलात ते साधारण ७० ते ८५ टक्के असतं. अत्तर-साबणाच्या धंद्यात गवती चहाच्या तेलाला भाव मिळतो तो यामुळेच. सिट्रालपासून आयोनोन बनतात आणि बीटा-आयोनोनपासून कारखान्यात अ जीवनसत्त्वापर्यंत जाता येतं.

रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर सिट्राल फार काही ‘अँटिऑक्सिडंट’ नाही. ओव्यातला थायमॉल किंवा लवंगेतला युजेनॉल हे फिनॉल आहेत; ते स्वतःचा हायड्रोजन देऊन मुक्त मूलकाला (फ्री रॅडिकलला) शांत करू शकतात, म्हणून डीपीपीएच या जांभळ्या मूलकाच्या चाचणीत ते त्याचा रंग झटकन उतरवतात. सिट्रालचा स्वभाव उलटा. आल्डिहाइडच्या शेजारी दुहेरी बंध असल्यानं तो इलेक्ट्रॉन शोधत फिरतो आणि पेशीतल्या गंधकाच्या गटांना, म्हणजे थायॉलना, जाऊन चिकटतो. पेशीत सर्वांत सहज सापडणारा थायॉल ग्लुटाथायोनचा. म्हणजे सिट्राल पेशीत शिरल्यावर पहिलं काम करतं ते अँटिऑक्सिडंटचा साठा कमी करण्याचं.

मग एन्झाइम्स वाढतात कशी? पेशीत कीप-वन नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते एनआरएफ-टू या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि सतत नष्ट करायला पाठवत राहतं. कीप-वनवर सिस्टीन या अमिनो आम्लाचे थायॉल गट आहेत. सिट्रालसारखा हल्लेखोर त्यांना चिकटला की पकड ढिली होते, एनआरएफ-टू साचतं, केंद्रकात जातं आणि बचावाची जनुकं चालू करतं: ग्लुटाथायोन तयार करणारं एन्झाइम, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, हीम ऑक्सिजनेज-वन, एनक्यूओ-वन. एनआरएफ-टूची ओळख १९९४ मध्ये झाली, कीप-वनची १९९९ मध्ये. एन्झाइम्सची वाढ ही त्या हल्ल्याला पेशीनं दिलेलं उत्तर असते. मोहल्ल्यात चोऱ्या वाढल्या की पोलिसांची गस्त वाढते. चोरांनी सुरक्षा वाढवली असं कोणी म्हणत नाही.

हल्ला सौम्य असेल तर पेशी सावरते आणि काही काळ आधीपेक्षा जास्त सज्ज राहते. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनबद्दलचं सगळं संशोधन याच पायावर उभं आहे. हल्ला जोरदार असेल तर ग्लुटाथायोन संपतं, पेशी मरते आणि एन्झाइम मोजायला फारसं काही उरत नाही. तेल तेच, पेशी त्याच, मात्रा वाढली की बाण उलटा. ‘हे तेल एन्झाइम वाढवतं का’ हा प्रश्न मात्रा आणि वेळ सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

यात आणखी एक खोच आहे. एसओडी, कॅटालेज, परॉक्सिडेज हे त्रिकूट सगळे मोजतात, कारण किट तयार मिळतात आणि मार्गदर्शकांनीही तेच मोजलेलं असतं. एनआरएफ-टूच्या हुकमानं ठळकपणे वाढतात ती वर लिहिलेली दुसरी चार. सिट्रालचा परिणाम बघायचा तर त्यांना विचारायला हवं होतं.

आम्ही काय तपासलं

पहिल्यांदा तेल. गटानं दोन्ही बॅचचं उरलेलं तेल आणून दिलं, एक प्लास्टिकच्या कॅनमध्ये, दुसरं काचेच्या बाटलीत. कॅनमधलं तेल पहिल्या बॅचचं. झाकण उघडल्यावर लिंबाचा वास यायच्या आधी नाकाला झोंबणारा आंबूस दर्प आला. रंग गडद पिवळ्याच्या पुढं, चहाकडं झुकलेला. गाळणकागदाच्या पट्टीवर दोन्हींचा एकेक थेंब ठेवला. नव्याचा डाग काही वेळात फिका होऊन जवळजवळ दिसेनासा झाला, जुन्याच्या डागाची कड चिकट राहिली.

विचारल्यावर हकिगत कळली. पहिली बॅच उन्हाळ्याच्या तोंडावर काढलेली. तेव्हा खरेदीदार ठरला नव्हता, म्हणून अर्धा भरलेला कॅन भट्टीजवळच्या टिनाच्या शेडमध्ये पडून राहिला. अर्ध्या कॅनमध्ये हवा, वर टिन, आणि नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांच्या पुढं जाणं इथं नवलाचं नाही. जून उजाडल्यावर त्यातलंच तेल तपासणीला गेलं. दुसरी बॅच पावसाळ्यातल्या कापणीची. काढली आणि लगेच पाठवली.

गॅस क्रोमॅटोग्राफीत सिट्रालची दोन शिखरं दिसतात, आधी नेरल, त्याच्या मागोमाग मोठं जिरॅनिअल. नव्या तेलात ती दोन्ही ठणठणीत उभी होती. जुन्यात बसलेली, आणि त्यांच्या पुढं-मागं आधी नसलेल्या बारीक शिखरांची गर्दी. सिट्राल हवा आणि उष्णता लागली की ऑक्सिडाइझ होतं, एकमेकांना चिकटतं, आम्लाचा अंश असेल तर वलयही घेतं. जुन्या तेलाची आम्लता आणि परॉक्साइड मूल्य दोन्ही चढलेली होती.

पहिलं कोडं इथंच सुटलं. ज्या तेलाला शाबासकी मिळाली ते शिळं होतं. त्यात सिट्राल कमी, म्हणून पेशींना हलकासा चिमटा बसला आणि त्यांनी एन्झाइम्स वाढवली. दुसरं तेल ताजं, सिट्रालनं भरलेलं. त्याच मात्रेला पेशींची क्षमता संपली. प्रयोगशाळेनं मात्रा तेलाच्या वजनावर ठरवली होती, सिट्रालवर नाही. अहवालात ‘तेच प्रमाण’ लिहिलेलं असलं तरी पेशींच्या वाट्याला तेच प्रमाण आलं नव्हतं.

अर्थात जुन्या तेलातले परॉक्साइड स्वतःसुद्धा पेशीला चावतात, त्यामुळे सगळं श्रेय कमी सिट्रालला देऊन मोकळं होता येत नाही. त्यासाठी पुढच्या पायऱ्या लागल्या.

प्लेटवरचा वारा

कच्च्या आकड्यांची फाइल माझ्या एका विद्यार्थिनीनं वाचली. पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलगी. अहवालातले सरासरीचे आकडे तिनं बाजूला ठेवले आणि २४ खळग्यांची प्लेट कागदावर आखून प्रत्येक खळग्यात त्याचा आकडा लिहीत गेली. सहा उभ्या रांगा. पहिली रांग कंट्रोल, तेल नाही, फक्त डीएमएसओ हे द्रावक. दुसऱ्या रांगेत सर्वांत मोठी मात्रा. मग मधली, मग लहान, पाचवीत तुलनेचं औषध, आणि सहावीत पुन्हा कंट्रोल.

“मॅडम, दोन्ही कंट्रोल सारखे हवेत ना?” तिनं विचारलं. ताज्या तेलाच्या प्लेटमध्ये ते सारखे नव्हते. मोठ्या मात्रेला खेटून असलेल्या कंट्रोलमधलं परॉक्सिडेज लांबच्या कंट्रोलपेक्षा सगळ्या खळग्यांत वर होतं.

तेल बाष्पनशील आहे, म्हणूनच ते वाफेवर काढता येतं. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये २४ तास ते आपल्या खळग्यात बसून राहत नाही. झाकणाखालून शेजारी जातं, तिथल्या माध्यमात विरघळतं आणि ज्या पेशींना तेल द्यायचंच नव्हतं त्यांनाही देतं. कंट्रोलनं थोडं तेल हुंगलं, त्याची एन्झाइम्स चढली, आणि या चढलेल्या कंट्रोलशी तुलना केल्यावर बाकीचे स्तंभ आणखी खाली दिसले. सुगंधी तेलांवर काम करणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लोकांना हा वारा चांगला ठाऊक असतो, ते तर वाफेची वेगळी चाचणीच करतात. पेशीसंवर्धनात मात्र ९६ खळग्यांच्या एकाच प्लेटवर कंट्रोल आणि सगळ्या मात्रा शेजारी शेजारी मांडायची पद्धत सर्रास चालते.

आम्ही प्रत्येक मात्रेला वेगळी प्लेट घेतली, प्लेटवर चिकटफिल्म लावली, आणि एक संच झाकण घट्ट बसवलेल्या फ्लास्कमध्ये केला. फ्लास्क बंद केला की कार्बन डायऑक्साइड आत जात नाही आणि माध्यमाचा सामू बिघडतो, म्हणून त्यात हेपेसचं बफर घातलं. कंट्रोल वेगळ्या इनक्युबेटरमध्ये. विभागात इनक्युबेटर दोनच. दुसऱ्यात चाललेलं दुसऱ्या कोणाचं तरी काम त्यासाठी आवरून घ्यावं लागलं, त्याची कुरकुर अजून ऐकू येते.

मोजणीतले सापळे

कॅटालेज मोजायची नेहमीची रीत म्हणजे हायड्रोजन परॉक्साइड घालून २४० नॅनोमीटरला प्रकाशशोषण कसं उतरतं ते पाहायचं. अडचण अशी की सिट्रालसुद्धा २४० च्या आसपासच प्रकाश शोषतं. पेशी नीट धुतल्या नाहीत तर अर्कात उरलेलं सिट्राल वाचन वर ढकलतं, यंत्र त्याच्या सरळ रेषेच्या पट्ट्याबाहेर जातं आणि उतार खऱ्यापेक्षा कमी भरतो. प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीत पेशी धुतल्याचा उल्लेख नव्हता. आम्ही पेशी दोनदा पीबीएस या क्षारांच्या द्रावणानं धुतल्या, आणि कॅटालेज अमोनियम मॉलिब्डेटच्या पद्धतीनं ४०५ नॅनोमीटरला मोजलं. पहिल्या अहवालातली कॅटालेजची ‘घट’ त्यानंतर दिसलीच नाही.

परॉक्सिडेजचं मोजमाप ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच किती वेगानं संपतं यावर चालतं. पण पेशीत आल्डिहाइडांना अल्कोहोल करणारी रिडक्टेज एन्झाइम्स असतात आणि त्यातली बरीचशी एनएडीपीएचच खर्च करतात. अर्कात सिट्राल शिल्लक असेल तर परॉक्साइड न घालताही एनएडीपीएच घटत जातं, आणि ती घट परॉक्सिडेजच्या खात्यात जमा होते. यावर उपाय साधा आहे: परॉक्साइड न घातलेला एक ब्लँक चालवायचा आणि वजा करायचा. तो कोणी चालवत नाही.

एमटीटीबद्दल थोडक्यात. त्या चाचणीतला जांभळा रंग पेशीतल्या रिडक्टेज एन्झाइम्समुळे तयार होतो आणि त्यातलीच काही ताणाखाली वाढतात. अशा वेळी थकलेल्या पेशी कागदावर धडधाकट दिसू शकतात. आम्ही जोडीला पेशीतलं एलडीएच हे एन्झाइम माध्यमात किती गळालं ते मोजलं. फुटलेल्या पेशी तिथं लपत नाहीत.

आणि ‘प्रति मिलिलिटर’. निम्म्या पेशी मेल्या तर अर्कातलं एन्झाइम निम्मं होणारच. वाचलेल्या पेशींनी आपलं एन्झाइम वाढवलं की घटवलं हे त्यातून कळत नाही. क्रिया प्रति मिलिग्रॅम प्रथिनावर काढायची असते. प्रथिन मोजायची ब्रॅडफर्डची पद्धत स्वस्त आहे, फक्त पेशी फोडायला वापरलेला डिटर्जंट तिच्यात लुडबुड करतो हे ध्यानात ठेवून मानक द्रावणातही तेवढाच डिटर्जंट घालावा लागतो. दुसऱ्या अहवालातल्या मधल्या मात्रेचे आकडे प्रथिनावर भागले आणि लांबचा कंट्रोल धरला, तेव्हा ‘घट’ नाहीशी होऊन परॉक्सिडेज वर आलं. मोठ्या मात्रेला मात्र खरोखरच खाली होतं, कारण त्या पेशी जात होत्या.

उलट तपासणी

आता मूळ मुद्दा: एन्झाइम्सची वाढ सिट्रालच्या थायॉलवरच्या हल्ल्यामुळे आहे, हे कशावरून?

दोन गोष्टी केल्या. पहिली, वेळ. २४ तासांचा एकच ठोकळा घेण्याऐवजी लवकरच्या, मधल्या आणि शेवटच्या टप्प्यावर ग्लुटाथायोन मोजलं, एलमनच्या अभिकर्मकानं, ४१२ नॅनोमीटरला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून. ताज्या तेलाच्या लहान मात्रेनंतर सुरुवातीच्या दोन तासांत पिवळा रंग कंट्रोलपेक्षा नुसत्या डोळ्यांनाही फिका दिसत होता. २४ तासांना तोच कंट्रोलच्या वर गेला. आधी साठा लुटला गेला, मग पेशीनं तो वाढवून भरला. फक्त २४ तासांना बघणाऱ्याला यातला दुसराच अर्धा भाग दिसतो आणि तो ‘तेल ग्लुटाथायोन वाढवतं’ असं लिहून मोकळा होतो.

दुसरी, एन-अॅसिटिल सिस्टीन. हा स्वतः थायॉल आहे. तो माध्यमात आधी घातला तर सिट्राल पेशीपर्यंत पोचायच्या आधी त्यालाच चिकटतं. तेल जर पेशीला काही ‘पोषण’ देत असेल तर सिस्टीन घातल्यानं ते वाया जायचं कारण नाही. हल्ल्यामुळे वाढ होत असेल तर ती पुसली जायला हवी. इथं आम्ही एनक्यूओ-वन मोजलं, कारण त्याला महागडं किट लागत नाही: डीसीपीआयपी नावाचा निळा रंग, एनएडीपीएच, अर्क, आणि खात्रीसाठी डायकूमॅरॉल, जे हे एन्झाइम अडवतं. तेल दिलेल्या पेशींच्या अर्कानं क्युव्हेटमधला निळा रंग बघता बघता उडाला. सिस्टीन आधी दिलेल्या पेशींचा निळा कंट्रोलसारखाच रेंगाळला. जुन्या तेलावरही हेच केलं. तिथं सिस्टीननं परिणाम बराच कमी झाला पण पुरता गेला नाही. तिथला उरलेला वाटा आम्ही परॉक्साइडांकडं बोट दाखवून सोडला. त्याचा छडा लावायला पैसे नव्हते आणि गटाच्या प्रश्नाला त्याची गरजही नव्हती.

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रतिपिंडानं एखादं प्रथिन ओळखायची चाचणी, करून केंद्रकातलं एनआरएफ-टू दाखवलं असतं तर परीक्षकांचं समाधान झालं असतं. प्रतिपिंडाची किंमत गटाच्या एका बॅचच्या नफ्याशी ताडून बघितली आणि तो विचार सोडला.

गटाला काय सांगितलं

विभागात बसून दोन्ही आलेख गटप्रमुखांसमोर ठेवले. जुन्या तेलाची बसलेली शिखरं त्यांना लगेच कळली. “म्हणजे आमी उन्हात तेल मारलं, अन् कागदानं त्याले पास केलं?” साधारण तसंच. नवं तेल कागदावर नापास झालं ते त्यात दम होता म्हणून.

लेबलावरचं वाक्य काढून टाका, असं स्पष्ट सांगितलं. बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर एखादं एन्झाइम वाढलं यावरून माणसाच्या शरीराबद्दल काही म्हणता येत नाही. पोटात गेलेलं सिट्राल यकृत झपाट्यानं मोडून बाहेर टाकतं. पेशींवर २४ तास पसरून राहणारी मात्रा रक्तात कधी येतच नाही. एनआरएफ-टू वाढणं सगळ्यांच्याच भल्याचं असतं असंही नाही. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-वन बिघडल्यानं ते कायमचं चालू असतं, आणि त्या पेशी औषधांना दाद देत नाहीत. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, या समजुतीला फिनलंड आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी १९९४ आणि १९९६ मध्येच तडा दिला होता: धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला.

कायद्याचा भाग वेगळा. खाण्याच्या वस्तूवर असा दावा करायचा तर २०१८ चे अन्नसुरक्षेचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे नियम आहेत. आजार बरा करतो असं सुचवलं तर १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे. शिवाय ‘शक्ती वाढवते’ वाचून कोणी चमचाभर तेल प्यायला घेतलं तर? गवती चहाची पात चहात उकळणं वेगळं आणि क्विंटलभर गवताचं सत्त्व बाटलीत घेणं वेगळं. निलगिरी तेल किंवा कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यावर झटके आल्याची प्रकरणं डॉक्टरांना माहीत आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा तिथं काही उपयोग होत नाही.

साठवणीबद्दलचं बोलणं सर्वांत लांबलं, आणि माझ्या मते तेच सर्वांत कामाचं होतं. भट्टीतून आलेल्या तेलातलं पाणी निर्जल सोडियम सल्फेटनं काढायचं. अॅल्युमिनियमच्या डब्यात किंवा गडद काचेत, गळ्यापर्यंत भरून, हवेला जागा न ठेवता. टिनाच्या शेडमध्ये नाही. डब्यावर काढल्याची तारीख. दर बॅचचं सिट्राल मोजून घ्यायचं. हायड्रॉक्सिलअमाइनच्या अनुमापनानं ते गॅस क्रोमॅटोग्राफीशिवायही जमतं. तेलतंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ पासून याच शहरात, अमरावती रोडवर आहे. या गावात तेलाच्या माहितीचा तुटवडा कधीच नव्हता. पण शेतकऱ्याच्या बांधावर पहिला पोचतो तो लेबल विकणारा.

तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेलाही पानभर टिपण पाठवलं: प्लेट वेगळ्या करा, कंट्रोल लांब ठेवा, पेशी धुवा, प्रथिनावर भागा, तेलाची क्रोमॅटोग्राफी नसेल तर नमुना घेऊच नका. त्यांनी पहिल्या चार गोष्टी मान्य केल्या. पाचवीवर उत्तर आलं की तसं केलं तर निम्मे ग्राहक परत जातील.

खरेदीदारानं वाक्य काढायला नकार दिला आणि सौदा मोडला. गटानं पावसाळ्यातली बॅच सिट्रालच्या टक्केवारीचा कागद जोडून एका साबणवाल्याला विकली. भाव आधीच्या सौद्यापेक्षा थोडा कमी पडला, पण पैसे रोख मिळाले. उन्हात राहिलेलं जुनं तेल फरशी पुसायच्या द्रावणात घालायला एकानं उचललं. पुढच्या कापणीसाठी त्यांनी अॅल्युमिनियमचे डबे आणले आहेत, आणि शेडच्या टिनावर गवताची पेंढी टाकली आहे, तीही गवती चहाचीच, तेल काढून उरलेली.